घोडा नसलेला टाक

"गाळलंस? सरकारचं मेडल गाळलंस?"

"गाळलं. आन जरा हळू बोल. मी बहिरी नाय."

"वर तोंड करून सांगते!"

"मग काय मान खाली घालून सांगू? तू इचारलंस, मी सांगितलं. कालपासून घर पालथं घालतोयस. कणगी हलवलीस, पेटारा उपडा केलास, माझी लुगडी पार अंगणात नेऊन टाकलीस. आदी तोंड उघडून इचारलं असतंस तर येवढी धूळ खावी लागली नसती."

हिरामण माजघराच्या मधोमध उभा होता. डोक्याला जळमटं, हाताला काजळी. एकतीस वर्षांचा बाप्या, दोन पोरींचा बाप, पण आईपुढे चढवलेला आवाज अजून मध्येच फाटायचा. त्याची बायको विमल चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. फक्त थापण्याचा आवाज कमी केला, एकही शब्द चुकू नये म्हणून.

"आये, त्यावर राजाचं तोंड होतं. राजाचं तोंड गाळलं तर काय व्हतं ठाव हाय? बेड्या पडतात."

"पंचवीस वर्सं होत आली. तो राजाबी मेला. आता त्याचा ल्योक गादीवर हाय म्हनतात, जा, त्याला कळव."

विमलला हसू आलं. ते तिने खोकल्यात घातलं.

"हसू नको गं!" हिरामण बायकोवर घसरला. "उद्या कर्जतला माझं तोंड काळं व्हनार हाय, आन तुमी सासवासुना हसा!"

दुसरी लढाई जिंकल्याला उद्या, बुधवारी, वर्ष होत होतं. कर्जतला मामलेदार कचेरीपुढे मांडव पडला होता. तालुक्यातून जुन्या आणि नव्या लढाईवर गेलेल्या शिपायांचा तिथे सत्कार व्हायचा होता. जे परत आले त्यांना पागोटी, जे आले नाहीत त्यांच्या बायकांना लुगडी. ज्याच्या घरात मेडल असेल त्याने ते छातीवर लावून यावं, असा निरोप गावच्या नामा पाटलाने घरोघर दिला होता. हिरामणला त्याने चावडीवर बोलावून आणखी एक गोष्ट सांगितली होती. आसपासच्या पाच गावांसाठी रेशनचं दुकान निघणार आहे. परवाना शिपायाच्या घरालाच द्यायचा असं मामलेदाराच्या मनात आहे. तुझा बाप पहिल्या लढाईत बसऱ्याकडे कामी आला, तुझा हक्क पहिला. पण म्हातारी पहिल्या रांगेत बसली पाहिजे आणि तिच्या पदरावर बिल्ला दिसला पाहिजे.

हिरामण उन्हाळाभर कर्जतच्या यार्डात इंजिनांना कोळसा चढवायचा आणि पावसाळ्यात पाटलाची दोन खाचरं लावायचा. दुकान म्हणजे सावलीतलं बसणं. गेले आठ दिवस तो झोपेतसुद्धा धान्य मापत होता.

"गाळून केलंस तरी काय त्याचं?" त्याने विचारलं. "वाळे केलेस? जोडवी केलीस?"

"टाक केला."

"कसला टाक?"

भागूबाईने देव्हाऱ्याकडे हनुवटी उडवली. "तुजा बाप. ल्हानपनापासून ज्याच्या पाया पडतोस तो."

हिरामण देव्हाऱ्याकडे बघतच राहिला. तिथे कुलदेवाच्या शेजारी चांदीचा एक पत्रा होता, चार बोटं लांब, त्यावर ठोकून काढलेला उभा माणूस. दसऱ्याला तो चिंचेने घासून लख्ख करायचं काम लहानपणी त्याचंच असे. घरातला कर्ता पुरुष गेला की त्याचा टाक करून देवात बसवतात, यात त्याला नवल नव्हतं. फक्त तो राजाच्या मेडलाचा आहे हे त्याला आज कळत होतं.

"आन पितळंचं जे दुसरं मेडल व्हतं, ते तूच सात वर्सांचा असताना आडात टाकलंस," भागूबाई म्हणाली. "ते कुठं गेलं म्हनून इचारू नको."

भागूबाईचं माहेर खालापूरकडचं. बाराव्या वर्षी ती या गावात आली आणि वीस वर्षं पुरी व्हायच्या आत तिचा नवरा लढाईवर गेला. भिवाजी उंच, कमी बोलणारा, आणि खाणारा. सासू हसून म्हणायची, याला वाढायला एक माणूस वेगळं ठेवावं लागतं. पाच भाकऱ्या मोडून झाल्या की तो टोपल्याकडे अशा नजरेने बघायचा की भागूबाई आपल्यातली अर्धी त्याच्या पानात सरकवायची, आणि तो ती मुकाट खायचा. मधल्या वर्षांत तिला नवऱ्याचा चेहरा नीट आठवेनासा झाला, पण भाकरी मोडणारे हात आठवत.

त्याला लढाईची हौस नव्हती. नामा पाटलाच्या बापाला, थोरल्या पाटलाला, वरून हुकूम होता की गावातून अकरा माणसं पाहिजेत. दहा भरली होती. भिवाजी दोन भावांतला धाकटा, अंगाने दणकट. थोरला पाटील स्वतः ओटीवर येऊन बसला आणि सहा महिन्यांत परत आणतो म्हणाला. भागूबाईला तेव्हा सातवा महिना होता.

निघायच्या दिवशी पाटलाने अकराही जणांना चावडीपुढे उभं केलं. समुद्र ओलांडून जाणारी माणसं तिकडे काय खातील, कुणाच्या हातचं खातील, याचा भावकीला घोर लागला होता. पाटलाने प्रत्येकाच्या हातात बेलभंडारा दिला आणि शपथ घ्यायला लावली की अभक्ष्य खाणार नाही. खाल्लंस तर तुला या गावात पाणी नाही आणि तुझ्या घरालाही नाही. भिवाजीने बेलभंडारा कपाळाला लावला तेव्हा भागूबाई बायकांच्या घोळक्यात पोटावर हात ठेवून उभी होती. शपथ सगळ्यांच्याच कानाला बरी वाटली होती, तिच्याही. त्याचा राग तिला सगळ्यात उशिरा आला आणि सगळ्यात जास्त टिकला. तोही स्वतःवरचा.

वर्षा-दीड वर्षाने तार आली. राख नाही, अस्थी नाहीत, कुठल्या नदीकाठी काय झालं हे सांगणारं कुणी नाही. लढाई संपल्यावर थोरल्या पाटलाला अकरा माणसं दिल्याबद्दल जरीचा मंदील मिळाला. चावडीच्या भिंतीत सरकारने एक दगड बसवला. त्यावर लिहिलंय की या गावातून अकरा माणसं लढाईवर गेली, त्यांतली तीन परत आली नाहीत. भागूबाईने एकदा मास्तरांकडून तो वाचून घेतला होता.

"नावं?" तिने विचारलं होतं.

"नावं नाहीत, बाई. आकडे आहेत."

मग एका पुडक्यातून मेडल आलं. त्याच्या कडेवर मात्र बारीक अक्षरांत भिवाजीचं नाव होतं. ते घेऊन ती एकटी कर्जतच्या सोनाराकडे चालत गेली. सोनार घाबरला. राजाचा मुखडा गाळायचा म्हणजे काय, म्हणाला. ती दुकानाच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून राहिली. शेवटी गिऱ्हाईकं बिचकायला लागली म्हणून त्याने भाता पेटवला. रणात पडलेल्या वीराचा टाक घोड्यावर बसलेला करायची रीत. त्याने तसाच ठोकून दिला, हातात तलवार आणि खाली घोडा. तो बघितल्यावर ही बाई त्याच्या अंगावर ओरडली होती. घोडा काढ. सोनार म्हणाला, बाई, सगळ्यांचा असाच असतो. ती म्हणाली, माझ्या माणसाखाली घोडा नको, पुन्हा गाळ. त्याने कपाळावर हात मारून पुन्हा गाळला आणि साधा उभा माणूस काढून दिला. गावातल्या बायका पुढे कितीदा विचारत, तुमचा वीर पायी कसा गं? भागूबाई उत्तर देत नसे.

उत्तर तिला ठाऊक होतं. पळसदरीचा नागू भिवाजीच्याच पलटणीत होता. लढाईनंतर तुर्कांच्या कैदेतून सुटून, एक पाय लंगडा करून तो परतला, आणि परड्यात उभं राहून त्याने तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर हात जोडले. वयनी, हे कुणाला बोलू नका, माझ्या दोन मुली लग्नाच्या व्हायच्या हायत. ती बोलली नाही. सत्तावीस वर्षं ती त्याच चावडीवरून पाणी भरायला गेली आणि बोलली नाही.

जेवणं उरकली तेव्हा नामा पाटील आला. चाळिशीचा, अंगाने सुटलेला, बोलणं गोड. ओटीवर टेकून त्याने पाणी मागितलं आणि हिरामणकडून सगळं ऐकून घेतलं. ऐकून मोठ्याने हसला.

"काकी, तू म्हंजे कमाल केलीस. राजाला वितळवून नवरा केलास!"

"तुला काय पायजे ते बोल, नामा."

"अगं, पन मग काम सोपं झालं. चांदी तीच ना? वजन तेच ना? आन तो टाक इकडं. वर एक भोक पाडू, लाल फीत ओवू, लावू तुझ्या पदराला. मामलेदार काय हातात घेऊन बघनार हाय?"

आणि तो खरोखरच उठला. वहाणा काढून माजघरात आला आणि देव्हाऱ्याकडे हात केला. भागूबाई मध्ये कधी आली ते कुणाला कळलं नाही. तिच्या हातात काही नव्हतं, पण नामा दोन पावलं मागे सरला.

"देवाला भोक पाडतोस?"

"काकी, मी आपलं सुचवलं..."

"तुज्या देव्हाऱ्यात तुजा बाप हाय ना? त्याला पाड जा भोक. त्याला लाव फीत. ती शोभंल त्याला."

"आये!" हिरामण म्हणाला. "घरी आलेल्या मानसाला असं बोलायचं?"

"देव्हाऱ्याला हात घालनाऱ्याला कसं बोलतात? शिकव मला."

नामाने रुमालाने मान पुसली. तो चिडला नाही, निदान तसं दाखवलं नाही. "बरं, ऱ्हायलं. मला काल हिरामणनं सांगितलं की मेडल सापडत नाय, तवाच मी पळसदरीला मानूस धाडलाय. नागूबाबाकडं तीन बिल्ले हायत. त्यातला एक तो देनार. उद्या सांजच्याला त्याचा त्याला परत. झालं?"

भागूबाई मुलाकडे वळली. "तुला ठाव व्हतं?"

हिरामण जमिनीकडे बघत म्हणाला, "एक दिवसाचा तर सवाल हाय, आये."

"कडेवर नाव असतं मेडलाच्या. दुसऱ्याचं नाव लावून बसू मी?"

"कोन वाचतंय?"

"तुमचा बाप वाचंल," विमल चुलीपासून म्हणाली.

"तू गप गं!"

"मी काय बोलले? भांडी घासते मी."

उन्हं कलली, नामा अजून ओटीवरच बसून होता, तेव्हा काठी टेकत नागू आला. पळसदरीपासून लंगड्या पायाने चालत आल्यामुळे त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने लाल झालं होतं. रुमालात बांधलेले बिल्ले त्याने हातात घट्ट धरले होते. विमलने पाणी आणि गूळ दिला. तो खाली बसला आणि म्हणाला, "वयनी, तुमी बोलावलंत म्हनून आलो. नायतर ह्या पायानं मी कुठं जात नाय आता."

"मी नाय बोलावलं, भावजी."

नागूने नामा पाटलाकडे बघितलं, मग हिरामणकडे.

"निरोप तर असाच आला. भिवाजीच्या बायकोला तुझा बिल्ला पायजे. मी म्हटलं, का पायजे असंल? पन तिनं मागितला म्हंजे इचारायचं नाय."

हिरामणने घाईघाईने सांगितलं. मांडव, पहिली रांग, परवाना. नागू ऐकत होता आणि रुमालाची गाठ सोडत होता. त्याने रुप्याचा बिल्ला काढून हिरामणच्या पुढ्यात ठेवला.

"घे," तो हिरामणला म्हणाला. "लाव तुझ्या आयेला. पन लावायच्या आदी तुझा बाप कसा गेला ते ऐक."

"भावजी, नको," भागूबाई म्हणाली. "तुमी हात जोडले व्हते."

"मुली नांदतायत माझ्या. नातवंडं झाली. बायकू गेली. आता मला कोन वाळीत टाकतंय?" आणि तो हिरामणकडे वळला. "गोळी लागून गेला, असं वाटतं ना तुला?"

"तसंच सांगतात सगळी."

"तिकडं नदीच्या वाकनात एक गाव हाय, कुत नावाचं. तिथं आमाला तुर्कांनी कोंडलं. मार्गशीर्ष ते चैत. धान्य संपलं. मूठभर जवाचं पीठ मिळायचं दिवसाला, तेबी किडकं. गवत उकडून खाल्लं आमी. मग पलटनीची घोडी कापायला सुरवात झाली. गोऱ्यांनी खाल्ली. आमी म्हटलं, नाय. तवा सायब म्हनाला, तुमच्या मुलखातल्या मोठमोठ्या शास्त्र्यांनी तारेनं परवानगी धाडलीय, खा. पुष्कळांनी खाल्लं. मी खाल्लं. चार दिवस रडत बसलो, पाचव्या दिवशी खाल्लं."

हिरामण नकळत थोडा मागे सरकला. नागूने ते पाहिलं.

"बघ, तुबी सरकलास. येवढ्याचीच भीती व्हती." तो पुढे बोलू लागला. "भिवाजीला मी मांस शिजवून नेऊन दिलं. त्यानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, अरं शास्त्र्यांनी मुभा दिली. तो म्हनाला, शास्त्री माझ्या गावचा पाटील नाय. बेलभंडारा मी पाटलापुढं उचललाय. मी म्हटलं, हितं कोन बघतंय? तर म्हनाला, कुनी तरी सांगनारच. माझ्या बायकोचं पानी तोडतील रं, तिला पोर झालं असंल आता. पंधरा दिवस गवतावर काढले त्यानं. आतडी गेली. शेवटी हलका झाला व्हता इतका, की मी एकट्यानं उचलून नेला. पाच-पाच भाकऱ्या खानारा मानूस."

विमलने हातातलं भांडं खाली ठेवलं. बाहेर कोंबड्या खुराड्यात शिरण्यावरून भांडत होत्या.

नामा पाटील घसा खाकरून म्हणाला, "वाईट झालं. पन ते दिवसच तसे व्हते. आमच्या आबांनी गावाची रीत म्हनून शपथ घातली. त्यांना काय ठाव तिकडं येवढी उपासमार व्हनार?"

"त्यांना ठाव नव्हतं," भागूबाई म्हणाली. "मलाबी नव्हतं. पन सत्तावीस वर्सांमागं हे भावजी परत आले, तवा मी भीतभीत तुझ्या बापाला जाऊन इचारलं. नाव कुनाचं घेतलं नाय. म्हटलं, आबा, भूक लागली म्हनून तिकडं कुनी खाल्लं असंल घोड्याचं, तर काय कराल? काय म्हनाला ठाव हाय? म्हनाला, दारात उभं करनार नाय. मंदील व्हता डोक्याला तवा. माझ्या मानसाला दिल्याबद्दलचा मंदील."

"काकी, बापाचं माझ्या डोक्यावर कशाला?"

"मंदील घेतलास की डोक्यावर. दर शिमग्याला मिरवतोस. त्याच्यासंगं हेबी घे."

नामाचा गोडवा संपला. तो उठला आणि वहाणा पायात सरकवू लागला. "हे बघ, काय बोलायचं ते हितं बोल. उद्या मांडवात असलं काय निघालं तर मामलेदारापुढं मी मान वर करू शकनार नाय. गप बसून लुगडं घ्यायचं. नायतर हिरामण, त्या दुकानाचं नाव सोड. परवान्यासाठी दुसरी घरं पुष्कळ हायत मला."

अंगण ओलांडून तो गेला. हिरामण तसाच बसून होता. नागूचा बिल्ला त्याच्या पुढ्यात होता, पण त्याला हात लावायची त्याची हिंमत होत नव्हती.

"मला का नाय सांगितलंस?" त्याने आईला विचारलं. आवाज पुन्हा फाटला.

"सांगितलं असतं तर पाटलाच्या वावरात तू इतकी वर्सं लावनी केली असतीस?"

 तो म्हणाला, "लई वंगाळ झालं आये. पन आता ते जुनं झालं. बा काय परत येनार नाय. उद्याच्या दिवस तू नुसती बसलीस, एक शब्द नाय बोललीस, तर माझ्या पोरी..."

"म्हंजे आता माझ्यापुढं बेलभंडारा धर," भागूबाई म्हणाली. "तोंड उघडनार नाय म्हनून. धर ना."

हिरामणने मान खाली घातली. मुलगा वाईट नव्हता हे तिला कळत होतं. त्याची पाठ कोळशाने मोडत होती, हेही. तरी त्याच्या तोंडून पाटलाचं बोलणं ऐकून तिच्या अंगाची लाही झाली. नवरा तिच्या पाण्यासाठी उपाशी मेला आणि ती ते पाणी पीत सत्तावीस वर्षं गप बसली. नागूच्या मुलींसाठी म्हणून बसली, ते खरं. पण त्या मुलींची लग्नं होऊनही बरीच वर्षं झाली होती. नंतरचं गप बसणं कुणासाठी होतं? सवयीने होतं, भीतीने होतं, पाटलाच्या आडाला पाणी चांगलं म्हणून होतं. आणि आता म्हणे वर लुगडं घ्यायचं.

ती उठली. रुप्याचा बिल्ला उचलून तिने नागूच्या हातात दिला. मग पदर खोचला आणि चुलीकडे जात जात, रोजचं काम सांगावं तशी बोलली.

"विमल, तांदूळ वाढव, भावजी आज हितंच ऱ्हातील. सकाळच्याला चार भाकऱ्या जास्त टाक, वाटंला लागतील. उद्या मी आन भावजी कर्जतला जातो. बिल्ला ते लावतील, त्यांचा हाय. मी काय लावनार नाय. भिवाजीचं नाव पुकारलं की मी उभी ऱ्हानार आन तो उपाशी कसा मेला, कुनाच्या शपथेनं मेला, ते मामलेदाराला आन सगळ्या मांडवाला सांगनार. लुगडं घेनार नाय. हिरामण, तू यार्डात कामाला जा. दुकान आपल्याला नको."